यादीत राहून गेलेली नावे

गेल्या आठवड्यात माझे एक छोटे जावास्क्रिप्ट पॅकेज एनपीएमवर प्रसिद्ध करायला घेतले. त्याआधी 'पॅकेज डॉट जेसन' उघडून पाहिले, तर डिपेंडन्सीजमध्ये नऊ नावे होती. कोडमध्ये वापर मात्र सहांचाच. उरलेली तीन राहिली तर काय बिघडते? या प्रश्नाचे उत्तर एनपीएमच्या इतिहासातच आहे.

२०१० मध्ये आयझॅक श्ल्यूटर यांनी एनपीएम सुरू केले. दुसऱ्याचा कोड एका कमांडने आपल्याकडे येऊ लागला. सोय झाली आणि सवयही लागली. 'लेफ्ट-पॅड' हे पॅकेज जेमतेम अकरा ओळींचे होते. मजकुराच्या डावीकडे जागा भरणे एवढेच त्याचे काम. २२ मार्च २०१६ रोजी 'किक' या नावावरून झालेल्या वादानंतर अझर कोचुलू यांनी आपली पॅकेजेस काढून घेतली आणि त्यात लेफ्ट-पॅडही गेले. त्यावर टेकलेल्या बेबेलसारख्या प्रकल्पांचे काम अडले. अनेकांना आपण लेफ्ट-पॅड वापरतो हेच ठाऊक नव्हते.

१२ जुलै २०१८ चा धडा याहून कडक होता. 'ईएसलिंट-स्कोप'च्या एका मेंटेनरच्या खात्यात शिरून कुणीतरी ३.७.२ ही आवृत्ती टाकली. पॅकेज इन्स्टॉल होतानाच तिच्यातली स्क्रिप्ट चाले आणि एनपीएमचे लॉगिन टोकन चोरू पाही. त्यातले एकही फंक्शन वापरायची गरज नव्हती. यादीत नाव असणे पुरेसे होते.

म्हणजे मी विसरलेली नावेही माझे पॅकेज घेणाऱ्या प्रत्येकाच्या संगणकावर जाणार. भरवसा त्याने माझ्यावर ठेवलेला, आणि मी त्याच्या घरात अनोळखी माणसे सोडणार!

मग 'डेपचेक' चालवले. त्याने तीच तीन नावे दाखवली, पण मी डोळे झाकून ती काढली नाहीत. एक नाव कॉन्फिग फाइलमध्ये सापडले. ते फक्त चाचण्यांसाठी लागत होते, म्हणून डेव्ह-डिपेंडन्सीजमध्ये हलवले. पॅकेज घेणाऱ्याकडे ते आता जात नाही. बाकीची दोन अनइन्स्टॉल केली. 'नोड मॉड्यूल्स' फोल्डर पुसून सगळे नव्याने इन्स्टॉल केले, चाचण्या चालवल्या. शेवटी 'एनपीएम पॅक'ने गठ्ठा बांधून तो रिकाम्या फोल्डरमध्ये बसवून पाहिला. सगळे चालले, तेव्हाच प्रसिद्ध केले.

अर्ध्या तासाचे काम. नऊची सहा झाली, आणि त्या सहांचा हिशेब मी आता देऊ शकतो.