दम्याच्या फवाऱ्यातला वायू

ओझोनचा थर विरळ होणे आणि पृथ्वीचे तापमान वाढणे या दोन गोष्टींची विद्यार्थी हमखास गल्लत करतात. दोन्हींतला फरक समजावून द्यायला एक छोटी वस्तू फार उपयोगी पडते. दम्याचे रुग्ण खिशात बाळगतात, तो औषधाचा फवारा म्हणजेच इनहेलर.

ठरावीक मात्रा देणारा हा फवारा १९५६ साली अमेरिकेत बाजारात आला. त्याआधी रुग्ण रबरी फुगा दाबून काचेच्या नाजूक उपकरणातून औषध ओढत. मात्रा दर वेळी वेगळी पडे. नव्या डबीत औषध द्रवरूप सीएफसीमध्ये मिसळलेले असे. हा द्रव बंद डबीत स्वतःच्याच बाष्पाच्या दाबाखाली द्रव राहतो. डबीत थोडा द्रव शिल्लक असेपर्यंत हा दाब बदलत नाही. म्हणूनच पहिली आणि शेवटची मात्रा जवळजवळ सारखी मिळते.

सीएफसीतील क्लोरीन ओझोनचा नाश करील, हे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर सीएफसीचे इतर वापर बंद होत गेले. दम्याच्या फवाऱ्याला मात्र सवलत मिळाली, कारण प्रश्न प्राणांचा होता. १९९० च्या दशकाच्या मध्यावर एचएफसी-१३४ए वापरणारे फवारे आले. या वायूत क्लोरीन नाही, त्यामुळे ओझोनची चिंता मिटली.

उष्णतेची मात्र मिटली नाही. कार्बन-फ्लोरीन बंध अवरक्त किरण शोषतात. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १५०० पट उष्णता अडवतो. सीएफसी-१२ साठी हा आकडा दहा हजारांहून अधिक होता, म्हणजे बदल योग्य दिशेनेच झाला. पण तो अपुरा होता. फळ्यावर गणित मांडा: डबीत १८ ग्रॅम वायू असेल, तर १८ × १५०० = २७,००० ग्रॅम, म्हणजे २७ किलो कार्बन डायऑक्साइड. साधारण बारा लिटर पेट्रोल जाळल्यावर एवढा वायू निघतो!

२०१६ च्या किगाली दुरुस्तीने एचएफसीही टप्प्याटप्प्याने कमी करायचे ठरले. फवाऱ्यासाठी एक वाट जुनीच आहे. औषधाची कोरडी पूड रुग्णाने स्वतःच्या श्वासाने ओढायची. वायू लागतच नाही. पण लहान मुलांना, किंवा जोराचा झटका आलेल्या रुग्णाला, तेवढ्या जोराने श्वास ओढता येत नाही. त्यांना फवाराच हवा. म्हणून दुसरी वाट महत्त्वाची: वातावरणात लवकर विघटित होणारे नवे वायू. त्यांतल्या एकावर चालणाऱ्या फवाऱ्याला २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये मान्यता मिळाली. त्याची तापवण्याची क्षमता १३४ए च्या एक टक्क्याहूनही कमी आहे.

हे गणित वर्गात घेताना एक काळजी घ्यावी. दम्याचे एखादे मूल समोर बसलेले असू शकते. फवारा वापरताना त्याला अपराधी वाटता कामा नये, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याने औषध बदलू नये, हेही त्याच तासाला सांगावे. डबीतला वायू बदलणे हे रसायनशास्त्रज्ञांचे आणि उत्पादकांचे काम आहे. त्या मुलाचे काम नीट श्वास घेणे एवढेच.