सकळ लिपी आणि अक्षर-प्रतिस्थापनाची मर्यादा

महानुभाव पंथाचे ग्रंथ कित्येक शतके मराठी वाङ्मयेतिहासाच्या कक्षेबाहेर राहिले. त्यांच्या पोथ्या सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहिलेल्या होत्या. यांपैकी सकळ लिपीचे कर्तृत्व परंपरा चौदाव्या शतकातील रवळोबासांकडे देते. तथापि या लिपीचे तत्त्व गुंतागुंतीचे नाही : एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर वा चिन्ह योजायचे, आणि हा संकेत ग्रंथभर पाळायचा.

हे तत्त्व भारतात जुने आहे. कामसूत्रातील चौसष्ट कलांत ‘म्लेच्छितविकल्प’ येतो; त्यावरील यशोधराच्या जयमंगला टीकेत मूलदेवीय संकेत सांगितला आहे. त्यात अ-क, ख-ग, च-ट, त-प, न-म, र-ष, ल-स, य-श अशा जोड्यांतील अक्षरांची परस्पर अदलाबदल होते. ‘नगर’चे ‘मखष’ होते, ‘समय’चे ‘लनश’. उलगडण्यासाठी तीच अदलाबदल पुन्हा करावयाची.

अक्षराचे रूप पालटते. त्याची वारंवारता मात्र पालटत नाही. मूळ भाषेत जे अक्षर वरचेवर येते, त्याचे बदली चिन्हही तितक्याच वेळा येते. नवव्या शतकात बगदादच्या अल्-किंदीने या मोजणीवर आधारित उकलपद्धती लिहून ठेवली. १५८६ मध्ये स्कॉटलंडची राणी मेरी हिची बॅबिंग्टनशी झालेली गुप्त पत्रे टॉमस फेलिप्सने वाचली. त्या संकेतात अक्षरांखेरीज काही शब्दांनाही स्वतंत्र चिन्हे होती. तरीही तो टिकला नाही, आणि फेब्रुवारी १५८७ मध्ये मेरीचा शिरच्छेद झाला.

मग सकळ लिपी एवढा काळ कशी टिकली? लीळाचरित्रात ‘सर्वज्ञें म्हणितलें’ हे शब्द इतक्यांदा येतात, की चिकाटीच्या वाचकाला तेवढा धागा पुरेसा ठरावा. मेरीची पत्रे वाटेतच फेलिप्सच्या हाती पडत होती. महानुभावांच्या पोथ्या मठांतच राहिल्या आणि त्यांचा संकेत गुरूकडून शिष्याकडे गेला. संरक्षण लिपीपेक्षा या बंदिस्तपणाचे अधिक होते. त्याची किंमतही मोठी होती. पंथाविषयी बाहेर गैरसमज वाढत असताना त्यांचे निरसन करू शकणारे ग्रंथ बाहेरच्यांना वाचताच येत नव्हते.

विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडली. १९२५ मध्ये य. खु. देशपांडे यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ आला आणि १९३६ पासून ह. ना. नेने यांनी लीळाचरित्राचे भाग छापून प्रसिद्ध केले.