हरवलेले न्यूट्रल आणि बुलेटचा टाचेचा खटका

साक्कोट्टैहून कुंभकोणमकडे येणारा रस्ता असो की पुण्यातला एखादा गजबजलेला चौक, दुचाकीस्वाराची एक अडचण सर्वत्र सारखीच असते. गाडी थांबते, डाव्या हाताची बोटे क्लच दाबून धरतात आणि पाय न्यूट्रल शोधू लागतो. पहिल्या गिअरवरून पट्टी उचलली की थेट दुसरा पडतो. दुसऱ्यावरून दाबली की पुन्हा पहिला. अशा वेळी थकलेल्या बोटांतून क्लच सुटला, तर गाडी पुढे झेपावते किंवा गचका खाऊन बंद पडते. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या अडचणीला जवळपास शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला एक लक्षणीय अध्याय तमिळनाडूतच, चेन्नईच्या तिरुवोत्तियूर भागातल्या कारखान्यात, घडला.

न्यूट्रल हा स्वतंत्र गिअर नव्हे. गिअरपेटीतली कोणतीही चाकजोडी शक्ती पुढे नेत नाही, त्या स्थितीचे ते नाव. सुरुवातीच्या काळातील अनेक मोटारसायकलींत गिअरचा दांडा पेट्रोलच्या टाकीशेजारी असे आणि तो हाताने, खाचांच्या चौकटीतून सरकवावा लागे. दांडा कोणत्या खाचेत आहे हे डोळ्यांना दिसत असल्याने न्यूट्रल हरवण्याचा प्रश्न फारसा नव्हता. मात्र शर्यतीत ऐन वळणावर हँडलवरचा हात काढणे धोक्याचे होते.

१९२८च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या व्हेलोसेट कंपनीतील अभियंते व शर्यतपटू हॅरोल्ड विलिस यांनी यावर तोड काढली. त्यांच्या रचनेत पायाच्या प्रत्येक दाबासरशी गिअर एकच पायरी सरके आणि पट्टी आपोआप मूळ जागी परते. ही पद्धत पुढे जगभर रुजली. वेग साधला, हात मोकळे झाले. पण एक गोष्ट हातची गेली. पट्टी नेहमी एकाच जागी असल्याने गिअर कोणता आहे हे तिच्याकडे पाहून कळेनासे झाले. एक दाब म्हणजे एक गिअर, असा हिशेब ठरल्यावर न्यूट्रलच्या वाट्याला पहिल्या-दुसऱ्याच्या मधली अर्धी पायरी आली. तिची खाच मुद्दाम उथळ ठेवतात, कारण चालत्या गाडीत पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना गिअर मध्येच अडकू नये.

ही अर्धी पायरी सापडावी म्हणून योजलेला एक उपाय भारतीयांच्या चांगल्या परिचयाचा आहे. इंग्लंडमधील रेडिचच्या रॉयल एनफिल्ड कंपनीने मद्रास मोटर्सच्या साथीने १९५५ साली ‘एनफिल्ड इंडिया’ स्थापन केली. भारतीय लष्कराला हव्या असलेल्या ३५० सीसी बुलेटची जुळणी येथे सुरू झाली आणि काही वर्षांत तिचे सुटे भागही येथेच बनू लागले. या बुलेटला आल्बियन धाटणीची चार गिअरची पेटी होती. गिअरची पट्टी उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या पायाशी; पहिला गिअर वर, उरलेले तीन खाली. आणि पट्टीजवळच एक आखूड खटका असे, त्याचे नाव न्यूट्रल फाइंडर. दुसरा, तिसरा वा चौथा, कोणताही गिअर असो. क्लच दाबून टाचेने हा खटका दाबला की गिअरची यंत्रणा मधल्या पायऱ्या गाळून थेट न्यूट्रलवर येऊन थांबे. खटका एकाच दिशेने ढकलत असल्याने पहिल्या गिअरवरून मात्र तो उपयोगी पडत नसे. म्हणून जाणते बुलेटस्वार चौकात दुसऱ्या गिअरवरच थांबत आणि मग टाच टेकवत.

याच काळात महाराष्ट्रातील रस्त्यांवर या प्रश्नाचे निराळे उत्तर धावत होते. आकुर्डीच्या बजाज ऑटोने १९७२ मध्ये आणलेल्या चेतक स्कूटरचा गिअर डाव्या मुठीत होता. मूठ फिरवली की आकडे सरकत आणि एक व दोन यांच्यामधले शून्य समोर दिसे. पायाच्या गिअरने डोळ्यांपासून दडवलेले न्यूट्रल येथे पुन्हा दिसू लागले होते.

जपानी कंपन्यांनी आणखी वाटा शोधल्या. होंडाच्या १९५८च्या सुपर कबमध्ये न्यूट्रल पहिल्या गिअरच्याही आधी, रांगेच्या टोकाला ठेवले होते. कावासाकीने एका गिअरचाकाच्या आत पोलादी गोळ्या बसवल्या. चाक फिरत असताना गोळ्या बाहेरच्या बाजूला फेकलेल्या राहतात आणि वाट मोकळी असते. गाडी थांबली की वरची गोळी खाली येऊन दुसऱ्या गिअरची वाट अडवते. त्यामुळे थांबलेल्या गाडीत पहिल्यावरून पट्टी उचलली, तर न्यूट्रलच सापडते. मीटरवरचा हिरवा दिवा न्यूट्रल सापडल्याची खात्री देतो. शोधण्याचे काम पायाकडेच राहते.

तरीही नव्या गाडीत न्यूट्रल सापडेनासे होते, ते का? बहुधा दोष गिअरपेटीत नसतो, क्लचमध्ये असतो. गिअरचाकांच्या बाजूंना बोथट दाते असतात आणि ते एकमेकांत गुंतले की गिअर पडतो. क्लच पूर्ण सुटला नाही, तर इंजिन आतला दांडा फिरवू पाहते. मागचे चाक मात्र ब्रेकने थांबलेले असते. या ओढाताणीत दाते एकमेकांवर घट्ट दाबले जातात. पाय जोर लावतो, दाते एकदम सुटतात आणि तोच जोर उथळ खाच ओलांडून दुसऱ्या गिअरवर आदळतो.

निदानाची कसोटी सोपी आहे. इंजिन बंद करावे, गाडी किंचित पुढेमागे हलवावी आणि न्यूट्रल शोधावे. ते सहज सापडले, तर क्लच अर्धवट सुटतो आहे असे समजावे. केबल प्रमाणाबाहेर सैल असणे, तेल चुकीचे किंवा जाड होणे, प्लेटी वाकणे वा चिकटणे, आयडलिंगचा वेग जास्त असणे ही त्याची नेहमीची कारणे. बहुतेक आधुनिक मोटारसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअर एकाच तेलात चालतात, त्यामुळे तेलाची निवड थेट क्लचवर परिणाम करते. इंजिन बंद असतानाही न्यूट्रल सापडले नाही, तर गिअरची पट्टी व तिचा जोड आणि आतली स्प्रिंग, खाचा व फोर्क तपासावेत. दोष नसलेल्या गाडीतही चाक पूर्ण थांबण्याआधी, गाडी संथ असतानाच न्यूट्रल घ्यावे. तेव्हा दात्यांवरचा ताण सर्वांत कमी असतो.

बुलेटचा खटकाही या नियमाला अपवाद नव्हता. रात्रभर उभ्या गाडीच्या क्लच प्लेटी चिकटत, म्हणून जुने बुलेटस्वार सकाळी क्लच दाबून दोन-तीन रिकाम्या किक मारत आणि मगच इंजिन सुरू करत. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंजिन व गिअर एकाच कवचात आले, पाचवा गिअर मिळाला, पट्टी डाव्या पायाशी गेली आणि टाचेचा खटका गेला. आपल्या घरी वा गल्लीत उजव्या गिअरची बुलेट अजून असेल, तर मालकाच्या परवानगीने तो खटका एकदा दाबून पाहावा.