विदर्भ, वऱ्हाड, झाडी: हद्द नेमकी कोणी आखली?

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेजवळ चिखला नावाचे गाव आहे. गावाची ओळख मँगनीजच्या खाणीमुळे. शेजारीच डोंगरी बुजुर्गची खाण. तुमसर रोडहून तिरोडीला जाणारी रेल्वे याच पट्ट्यातून जाते. तिरोडीलाही मँगनीजच निघते, पण ते बालाघाट जिल्ह्यात, म्हणजे दुसऱ्या राज्यात. जमिनीखालचा दगड तोच आहे, फक्त वरची पाटी बदलते.

हे चिखला महाराष्ट्राच्या कोणत्या भागात येते? सरकारी कागदावर नागपूर विभाग. वर्तमानपत्रात पूर्व विदर्भ. दिवाळीनंतर गावोगाव नाटके घेऊन फिरणाऱ्या मंडळींसाठी झाडीपट्टी. आदिवासी संघटनांच्या नकाशात गोंडवाना. आणि पुण्या-मुंबईचा माणूस नागपूरच्या पुढच्या प्रत्येकाला सरसकट ‘वऱ्हाडी’ म्हणून मोकळा होतो. हे ऐकून भंडाऱ्याचा माणूस चिडतो आणि अमरावतीचा हसतो, कारण दोघांनाही ठाऊक असते की वऱ्हाड वेगळे आणि झाडी वेगळी.

विदर्भ, मराठवाडा, खान्देश, कोकण ही नावे आपण रोज वापरतो. परंतु या भागांना तालुक्याला किंवा जिल्ह्याला असते तशी राजपत्रात आखलेली जुनी हद्द नाही. त्यामुळे ते कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात, यावर वाद होतात. हे वाद बहुतेकदा अस्मितेच्या भाषेत होतात: ‘आमचा प्रदेश पुरातन आहे, त्याची सीमा ठरलेली आहे.’ इतिहास पाहिला तर सीमा ठरलेली कधीच नव्हती. ती सतत सरकत आली आहे.

गंमत अशी की सीमेचे वाद आपण ज्या शब्दांत घालतो, ते शब्दच प्रवास करून आलेले आहेत. हद्द, जिल्हा, तालुका हे मूळचे अरबी, सरहद्द आणि परगणा फारसीतून आलेले. पुण्याकडे मोठ्या किंवा जुन्या गावाला ‘बुद्रुक’ म्हणतात, धाकट्याला ‘खुर्द’. बुद्रुक हे फारसी ‘बुजुर्ग’चे मराठी रूप. चिखल्याच्या शेजारच्या डोंगरीने मात्र ‘बुजुर्ग’ हे मूळ रूपच ठेवले आहे. मराठी मुलखाच्या एका टोकाला शब्द घासून मराठी झाला, दुसऱ्या टोकाला तसाच राहिला. भाषेची सीमा अशीच असते. तिथे भिंत नसते, उतार असतो.

आता वऱ्हाडकडे पाहू. बहमनी सल्तनत फुटली तेव्हा एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, इमादशाही उभी राहिली. या घराण्याचा संस्थापक फतहुल्ला इमाद-उल-मुल्क हा विजयनगरच्या मुलखातून आलेला, धर्मांतरित कानडी होता. अहमदनगरच्या निजामशाहीचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण कुलकर्णी होते, असे फरिश्ता सांगतो. ही पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या ताब्यात होती. बुरहान निजामशहाने पूर्वजांचे गाव म्हणून ती मागितली, बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला. इमादशहाने नकार दिला आणि त्यावरून लढाया झाल्या. दोन्ही सुलतान मुसलमान, एकाचे मूळ कानडी, दुसऱ्याचे मराठी, आणि भांडण कशावरून? तर पाथरी वऱ्हाडची की अहमदनगरची. आज पाथरी परभणी जिल्ह्यात आहे. तिला कोणी वऱ्हाडही म्हणत नाही आणि नगरही नाही, ती मराठवाड्यात आहे.

1596 मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेले. अबुल फज्लच्या ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची यादी आहे. तीत गाविलगड, नरनाळा, मेहकर, वाशीम आहेत, हे अपेक्षितच. पण त्याच यादीत पाथरी आणि माहूर आहेत, जे आज मराठवाड्यात येतात. पवनार आहे, जे वर्धा नदीच्या पूर्वेला आहे. बैतूलकडचे खेरला आहे, जे आज मध्य प्रदेशात आहे. सुभ्याची पूर्वेची बाजू वैरागडपर्यंत, म्हणजे आजच्या गडचिरोलीपर्यंत सांगितली आहे. अकबराच्या दफ्तराप्रमाणे चालायचे तर आजचा अर्धा वाद निकालात निघेल आणि दुप्पट नवा उभा राहील.

खान्देशाचेही तसेच. फारुकी सुलतानांची राजधानी बुऱ्हाणपूर. खुलदाबादचे सूफी बुरहानुद्दीन गरीब यांच्या नावावरून वसलेले हे शहर खान्देशाचे हृदय होते. असीरगड पडल्यावर अकबराने शाहजादा दानियालच्या नावावरून प्रांताला ‘दानदेश’ म्हटले. सरकारी नाव टिकले नाही, लोकांचे खान्देश टिकले. आज खान्देश महाराष्ट्रात आहे आणि त्याचे हृदय मध्य प्रदेशात.

वऱ्हाडची पूर्व सीमा वर्धा नदी, हे आज शाळेतल्या मुलालाही सांगता येते. ही सीमा निसर्गाने आखली असे वाटते, पण ती तहाने आखली आहे. अठराव्या शतकात वऱ्हाडात निजाम आणि नागपूरकर भोसले दोघेही महसूल वसूल करत. त्याला दुअमली म्हणत. एकाच गावाला दोन धनी, म्हणजे हद्दीची रेघ गावाच्या शिवेवरून जाण्याऐवजी रयतेच्या धान्याच्या राशीतून जात होती. 1803 मध्ये आडगाव आणि गाविलगडला भोसल्यांचा पराभव झाला. देवगावच्या तहाने त्यांना वर्धेच्या पश्चिमेचा बहुतेक मुलूख सोडावा लागला आणि तो निजामाकडे गेला. तेव्हापासून वर्धा ही दोन राज्यांची सीमा झाली. पुढे 1853 मध्ये इंग्रजांनी वऱ्हाड निजामाकडून ताब्यात घेतले, 1902 मध्ये वर्षाला 25 लाख रुपयांवर कायमचा पट्टा करून घेतला आणि 1903 मध्ये ते मध्य प्रांताला जोडले. वऱ्हाडवरचे निजामाचे नाममात्र स्वामित्व मात्र मान्य होते. 1936 च्या करारानंतर हैदराबादच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बरार’ हा किताब मिळाला, तेव्हा कारभार नागपूरहून चालत होता.

वर्धेच्या पूर्वेची गोष्ट निराळी आहे. तिथे निजाम नव्हता, गोंड राजे होते. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने औरंगजेबाच्या काळात इस्लाम स्वीकारला आणि 1702 मध्ये नागपूर वसवले. देवगड आज मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात आहे. म्हणजे विदर्भाचे जे केंद्र मानले जाते, ते वसवणारा राजा आजच्या व्याख्येत विदर्भाबाहेरचा ठरतो. त्याच्या पदरी असलेल्या राजखान पठाणाने भंडाऱ्याकडचे सांगडी घेतले. पुढे रघुजी भोसल्यांनी देवगडचे राज्य घेतले, तेव्हा राजखानाच्या मुलाने सांगडीचा किल्ला तीन वर्षे लढवला. त्याचे शौर्य पाहून रघुजींनी त्याला सिवनीची दिवाणी दिली, असे गॅझेटियर सांगतात. सांगडी आज साकोली तालुक्यात आहे आणि सिवनी मध्य प्रदेशात. त्या काळच्या माणसाला हा एकच मुलूख होता.

भंडाऱ्याच्या मुसलमानांना कधी ‘निजामाचे’ तर कधी ‘हिंदी मुलखातले’ समजणाऱ्यांनी हा इतिहास वाचायला हवा. इथला मुसलमानी वारसा गोंड राजवटीच्या कुशीतून आला आहे. हैदराबादशी त्याचा संबंध फार थोडा आहे.

इंग्रजांनी 1867 मध्ये बालाघाट जिल्हा बनवला, तो भंडारा, मंडला आणि सिवनी यांचे तुकडे जोडून. चिखल्याच्या पलीकडचा मुलूख भंडाऱ्यापासून वेगळा झाला तो अशा कारभाराच्या सोयीने. 1896 मध्ये मँगनीज शोधण्यासाठी ब्रिटिश सिंडिकेट स्थापन झाले. त्याने सीमा पाहिली नाही, दगड पाहिला. 1962 मध्ये त्यातूनच ‘मॉयल’ उभी राहिली, तेव्हा केंद्राबरोबर महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश दोन्ही सरकारे तिच्यात भागीदार झाली. बावनथडी धरणही दोन्ही राज्यांचे मिळून आहे. जिथे पाणी आणि खनिज वाटून घ्यायचे असते, तिथे सीमा कशी ओलांडायची हे सरकारांना बरोबर कळते.

‘विदर्भ’ हे नाव महाभारतातले, रुक्मिणी आणि दमयंतीच्या माहेरचे. पण राजकीय मागणी म्हणून त्याने जोर धरला तो विसाव्या शतकात. 1938 मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळाने मराठी भागाच्या वेगळ्या प्रांताचा ठराव केला. एका बाजूला वऱ्हाडचे चार जिल्हे, दुसऱ्या बाजूला नागपूरकडचे चार. दोघांचा महसूल, जमीनधारा, इतिहास सारे वेगळे. वऱ्हाडात रयतवारी, नागपूरकडे मालगुजारी. आजही माजी मालगुजारी तलाव, ज्यांना लोक ‘मामा तलाव’ म्हणतात, ते भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत दिसतात, अकोला-बुलढाण्यात नाहीत. या दोघांना एका नावाखाली आणायचे तर दोघांच्याही आधीचे नाव हवे होते. ‘विदर्भ’ हे ते नाव.

1955 मध्ये फज्ल अली आयोगाने आठ मराठी जिल्ह्यांचे वेगळे विदर्भ राज्य सुचवले. बालाघाट आणि छिंदवाड्यातले सौसर, बैतूलमधले मुलताई यांवरचा मराठी दावा बाहेरच राहिला. वेगळे राज्य झाले नाही, पण आयोगाची आठ जिल्ह्यांची यादी हीच विदर्भाची व्याख्या होऊन बसली. त्या आठांचे आज अकरा झाले आहेत. 1999 मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया निघाला. राजुरा तर 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. आधी तो नांदेडला जोडला, 1959 मध्ये चांद्याला. म्हणजे तीन वर्षे मराठवाड्यात आणि मग कायमचा विदर्भात. राजुऱ्याचे डोंगर तिथेच होते, फाईल हलली.

मग या नावांनी फरक काय पडतो? पुष्कळ पडतो. संविधानाच्या 371(2) कलमात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळांची तरतूद आहे. 1994 मध्ये मंडळे झाली, 2020 मध्ये त्यांची मुदत संपली. या वाटणीत खान्देश आणि कोकण हे दोघेही ‘उर्वरित’. नंदुरबारचा आदिवासी पाडा आणि पुणे शहर एकाच खान्यात. वैद्यकीय प्रवेशात 70:30 चे प्रादेशिक सूत्र 2020 पर्यंत होते, तेव्हा विद्यार्थ्याचा प्रदेश कोणता यावर त्याची जागा ठरत होती.

सगळ्यात बोलके उदाहरण 2006 चे आहे. शेतकरी आत्महत्यांनंतर पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर केले. वर्तमानपत्रांनी त्याला ‘विदर्भ पॅकेज’ म्हटले. ते होते सहा जिल्ह्यांसाठी: अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा. कापसाचे संकट मोजून जिल्हे निवडले, हे योग्यच होते. म्हणूनच नदीच्या पूर्वेचा वर्धा जिल्हाही आत आला. पण देशाच्या डोळ्यांपुढे ‘विदर्भ म्हणजे कापूस’ हे समीकरण पक्के झाले. भंडाऱ्याचा धान पिकवणारा शेतकरी, तलावावर जगणारा ढिवर, खाणीतला मजूर हे सारे विदर्भाचे असूनही त्या चित्रात नव्हते. विदर्भाच्या नावाने ओरड होते तेव्हा त्यांची संख्या मोजली जाते. विदर्भाच्या नावाने काही येते तेव्हा ते त्यांच्यापर्यंत येईलच असे नाही.

यातून ‘विदर्भ खोटा आणि झाडी खरी’ असा निष्कर्ष कोणी काढू नये. उद्या झाडीपट्टीची रेघ ओढली तर तिच्याही कडेला कोणी तरी उरेल. चिखल्यासारख्या गावात मराठी, पवारी, गोंडी, हिंदी कानावर पडते. तिथल्या माणसाला एका भाषेच्या नावाने ओढले तर त्याचे उरलेले शब्द कुठे ठेवायचे? प्रदेशाचे नाव आपुलकीसाठी असावे, मोजमापासाठी प्रश्न असावा. सिंचन मोजायचे तर तलाव आणि कालवे मोजा, कुपोषण मोजायचे तर पाडे मोजा. वि. म. दांडेकर समितीने 1984 च्या अहवालात अनुशेष जिल्हानिहाय मोजला, तेव्हा मोठ्या नावांच्या आड दडलेली दरी दिसली. तालुक्यापर्यंत उतरलो तर आणखी दिसेल.

फज्ल अली आयोगाच्या अहवालात एक छोटी नोंद आहे. अध्यक्ष सय्यद फज्ल अली यांचा बिहारशी जुना संबंध होता. म्हणून बिहारचे बंगाल आणि ओरिसाशी असलेले सीमावाद तपासण्यात आणि ठरवण्यात आपण भाग घेतला नाही, असे त्यांनी नमूद केले. साऱ्या देशाचा नकाशा आखायला बसलेला माणूस घरच्या कुंपणापाशी कलम खाली ठेवतो. आपली हद्द तेवढी स्वयंसिद्ध आणि दुसऱ्याची वादग्रस्त, असे ज्यांना वाटते त्यांनी ही नोंद लक्षात ठेवावी. रेघ ओढणाऱ्याने स्वतःचा कल ओळखावा आणि ज्यांच्या अंगणातून ती जाणार आहे त्यांना आधी विचारावे. पाथरीपासून राजुऱ्यापर्यंत गेल्या पाचशे वर्षांत हे क्वचितच झाले. चिखल्याला तर अजून कोणी विचारलेलेच नाही.