केबल ब्रॉडबँडमधील स्पर्धा आणि नियमन : अमेरिकेतील एका व्याख्येचा इतिहास

केबल ब्रॉडबँडच्या व्यवसायात स्पर्धकांना वाव असावा काय, हा प्रश्न वरकरणी अर्थशास्त्राचा वाटतो. अमेरिकेत मात्र त्याचा निकाल एका व्याख्येवर लागला. सन 1996 च्या दूरसंचार कायद्याने ‘दूरसंचार सेवा’ व ‘माहिती सेवा’ असा भेद केला. पहिलीवर सर्वांची वाहतूक भेदभाव न करता वाहून नेण्याचे बंधन होते, दुसरीवर नव्हते. दूरचित्रवाणीसाठी टाकलेल्या केबलवरून मिळणारे इंटरनेट यांपैकी कशात मोडते, हे कायद्याने स्पष्ट केले नाही.

प्रथम ठिणगी ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहरात पडली. एटी अँड टी ही कंपनी टीसीआय ही केबल कंपनी विकत घेत होती. परवान्याच्या हस्तांतरासाठी डिसेंबर 1998 मध्ये शहराने अट घातली, की अन्य इंटरनेट सेवादारांनाही या केबलवर प्रवेश द्यावा. कंपनीने ती नाकारली व प्रकरण न्यायालयात गेले. 1999 मध्ये शहर जिंकले. जून 2000 मध्ये अपील न्यायालयात हरले. हा पराभव मोठा विलक्षण होय. केबलवरील इंटरनेटमध्ये दूरसंचार सेवा अंतर्भूत आहे, म्हणूनच केबलचा परवाना देणाऱ्या शहराला अशी अट घालता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. शहराचा अधिकार गेला. पण त्याच्या मागणीला आधार देणारी व्याख्या मान्य झाली.

ती फार काळ टिकली नाही. मार्च 2002 मध्ये फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने ही केवळ माहिती सेवा असल्याचे जाहीर केले. बंधने कमी असल्यास गुंतवणूक वाढेल व केबलची स्पर्धा दूरध्वनी, उपग्रह यांच्याशी होईल, अशी आयोगाची भूमिका होती. ब्रँड एक्स या कॅलिफोर्नियातील लहान सेवादाराने तिला आव्हान दिले. 27 जून 2005 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी आयोगाचा अर्थ ग्राह्य धरला. पिझ्झा घरपोच देणाऱ्या दुकानाने आपण पोहोचवण्याची सेवा देतच नाही असे म्हणावे, तसा हा युक्तिवाद असल्याचे न्यायमूर्ती स्कालिया यांनी भिन्नमतपत्रिकेत दाखविले. आणि ते अधिक पटणारे आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयोगाने दूरध्वनीच्या तारांवरील ब्रॉडबँडलाही हीच सवलत दिली. डायल-अपच्या काळात याच तारांवर हजारो लहान सेवादार उभे राहिले होते.

पुढे 2015 मध्ये व्याख्या उलटली, 2017 मध्ये पूर्ववत झाली, 2024 मध्ये पुन्हा बदलली आणि जानेवारी 2025 मध्ये सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो बदल रद्द केला. मात्र 2015 व 2024 च्या आदेशांतही केबल प्रतिस्पर्ध्यांना खुली करण्याची सक्ती नव्हती. पोर्टलंडची मागणी तेथेही मान्य झाली नाही.