परवलीचा शब्द आणि पेटीची किल्ली

कार्यप्रणाली सुरू होण्याआधीच लॅपटॉप जो पासवर्ड विचारतो, त्याचा पूर्वज एक खरीखुरी किल्ली होती. आयबीएमने 1984 मध्ये आणलेल्या पीसी-एटी संगणकाच्या दर्शनी भागावर कुलूप असे, आणि ते लावले की कळफलक निकामी होई व पेटीचे झाकणही उघडता येत नसे. याच यंत्रात तारीख-वेळ आणि जोडलेल्या भागांची नोंद जपणारी, लहानशा बॅटरीवर जगणारी सीमॉस स्मृती होती. 1987 च्या पीएस/2 मालिकेत अशाच स्मृतीच्या आधाराने सुरुवातीचा पासवर्ड आला. बॅटरी काढून ठेवली की तो पुसला जाई. मात्र तिच्यापर्यंत जाण्यासाठी आधी झाकणाचे कुलूप उघडावे लागे, म्हणजे किल्ली शब्दाला राखत होती.

ही जोडी पुढे फुटली, आणि या पासवर्डच्या दुबळेपणाचे मूळ त्या फुटीतच शोधले पाहिजे. इतरांच्या स्वस्त संगणकांत झाकणाला साधे स्क्रू उरले, शिवाय यंत्र जागे करणाऱ्या बायोस या मूळ आज्ञावलीच्या काही निर्मात्यांनी दुरुस्तीच्या सोयीसाठी सर्वत्र चालणारे छुपे पासवर्डही ठेवले. थिंकपॅडसारख्या लॅपटॉपमध्ये मुख्य पासवर्ड वीज नसतानाही मजकूर धरून ठेवणाऱ्या चिपमध्ये हलवला गेला. तो विसरल्यास मदरबोर्ड बदलणे हाच कंपनीचा अधिकृत उपाय असे. ही मजबुती खरी, पण ती यंत्राची: परवलीचा शब्द छावणीच्या तोंडाशी विचारला जातो, आणि हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडणारा त्या तोंडाशी जातच नाही.

म्हणून पहारा डिस्कवरच बसवण्याची सोय 1997 च्या एटीए-3 मानकात आली, ज्यामुळे पासवर्ड मिळेपर्यंत डिस्क स्वतःच वाचू देण्याचे नाकारते. तरीही चकत्यांवरचा मजकूर उघडाच राहतो. मजकुराचे खरे रक्षण कूटलेखनाने होते, कारण त्यात किल्लीवाचून अक्षरेच अर्थहीन होतात, परंतु ती किल्ली पासवर्डशी गणिताने बांधलेली असावी लागते. नेदरलँड्समधील रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये दाखवले की स्वतः कूटलेखन करणाऱ्या काही एसएसडींमध्ये हे बंधनच नव्हते, आणि पासवर्ड ठाऊक नसतानाही त्यांतील मजकूर वाचता येत होता.