सांधा, केबिन आणि तीन रुंदींचे रूळ

रेल्वेच्या मराठीत ‘सांधा’ हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. एक रूळ संपून दुसरा सुरू होतो ती फट, जिच्यावरून चाक जाताना ठेका उमटतो, तोही सांधा. आणि गाडीला एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर वळवणारी सरकत्या पात्यांची जोडी, जिला रेल्वेचे कामगार ‘पॉइंट’ म्हणतात, तीही सांधाच. ज्या स्थानकात दोन किंवा अधिक मार्ग एकत्र येतात त्याला जंक्शन म्हणावयाचे, आणि जंक्शनाचे सारे महत्त्व या दुसऱ्या प्रकारच्या सांध्यांवर अवलंबून असते, असे सामान्यतः मानले जाते. मिरज–पंढरपूर–कुर्डुवाडी–लातूर या मार्गाच्या इतिहासात मात्र या समजुतीला छेद देणारी परिस्थिती दीर्घकाळ टिकून होती, कारण या मार्गाच्या दोन्ही मोठ्या जंक्शनांत, कुर्डुवाडीत आणि मिरजेत, वेगवेगळे रूळ शेजारी येऊन थांबत असत आणि त्यांना जोडणारा लोखंडी सांधा बसवताच येत नसे.

याचे कारण गेज, म्हणजे दोन रुळांमधील अंतर. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा, अर्थात जीआयपीचा, मुंबई–पुणे–सोलापूर हा मुख्य मार्ग साडेपाच फुटी ब्रॉडगेजचा होता आणि तो १८५९–६० मध्ये बार्शीपासून बराच दूर राहून पुढे सोलापूरकडे गेला. बार्शी ही कापूस व धान्याची भरभराटीची पेठ, पण तिच्या नावाचे ‘बार्शी रोड’ हे स्थानक, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, गावापासून सुमारे वीस मैलांवर होते. नावात गाव आणि प्रत्यक्षात केवळ रस्ता, अशी ‘रोड’ स्थानके त्या काळी अनेक झाली. व्यापाऱ्यांच्या दृष्टीने त्या शब्दाचा अर्थ बैलगाडीचे भाडे इतकाच होता. ही उणीव भरून काढण्याचे काम एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने हाती घेतले. त्याने १८८० च्या दशकात जीआयपीमध्ये नोकरी केली होती आणि स्वस्तात बांधता येणाऱ्या अरुंद रेल्वेचा तो कट्टर पुरस्कर्ता होता. त्याची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी अशी सुरू झाली. तिच्या रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट होते.

‘लाइट रेल्वे’ या संज्ञेतील ‘लाइट’चा अर्थ हलकी असा असून, हा हलकेपणा कॅलथ्रॉपने काटेकोर हिशेबाने साधला होता. इंजिन असो, प्रवासी डबा असो वा मालडबा, कोणत्याही वाहनाच्या एका आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यावयाचा नाही असा दंडक त्याने घातला, आणि त्यामुळे यार्डाला केवळ तीस पौंड वजनाचा रूळ वापरूनही बऱ्यापैकी जड माल वाहता येऊ लागला. याच कल्पना त्याने पुढे इंग्लंडमधील लीक अँड मॅनिफोल्ड या छोट्या रेल्वेत वापरल्या. तेथे तर मोठ्या गेजचा मालडबा आख्खाच अरुंद गेजच्या वाहनावर चढवून नेण्याची सोय त्याने केली. (हाच गृहस्थ उत्तरायुष्यात वैमानिकांसाठी हवाई छत्री बनवण्याच्या मागे लागला, हे त्याच्या स्वभावाला धरूनच होते.) बार्शीचा मार्ग १९०६ मध्ये पंढरपूरला आणि १९११ मध्ये, तेव्हाच्या हैदराबाद संस्थानातील लातूरला पोहोचला. १९२७ मध्ये तो मिरजेला जाऊन भिडला, आणि कॅलथ्रॉपचे निधनही त्याच वर्षी झाले. सव्वातीनशे किलोमीटरांचा हा मार्ग १ जानेवारी १९५४ पर्यंत खाजगी कंपनीच्याच मालकीचा राहिला.

मिरजेची गुंतागुंत याहून अधिक होती. १८७६–७८ च्या भीषण दुष्काळानंतर, दुष्काळी मुलखात धान्य पोहोचवता यावे या हेतूने ज्या रेल्वे आखल्या गेल्या त्यांपैकी सदर्न मराठा रेल्वे ही एक होय. तिचा मीटरगेज मार्ग, म्हणजे एक मीटर रुंदीचा, मिरजेवरून एका बाजूस पुण्याला व दुसऱ्या बाजूस बेळगाव–लोंढ्याला गेला. १८८८ मध्ये पायाभरणी होऊन १८९१ मध्ये सुरू झालेला कोल्हापूर संस्थानाचा फाटा आणि १९०७ चा सांगलीचा छोटा फाटा हेही मिरजेलाच मिळाले. १९२७ मध्ये त्यांत बार्शी लाइटच्या अरुंद रुळांची भर पडली, आणि १९७१ मध्ये पुणे–मिरज–कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाल्यावर एकाच स्थानकात तिन्ही रुंदींचे रूळ नांदू लागले. लोंढ्याकडील मीटरगेज १९९० च्या दशकात हटेपर्यंत ही स्थिती होती.

जेथे गेज बदलते तेथे गाडी पुढे जात नाही, माल पुढे जातो. आणि तो माणसांच्या पाठीवरून जातो. लातूर–बार्शीकडून आलेल्या कापसाच्या गाठी व धान्याची पोती कुर्डुवाडीत अरुंद डब्यातून उतरवून जीआयपीच्या डब्यात भरावी लागत; कोल्हापूरचा गूळ आणि सांगलीची हळद, मुंबईला जावयाची तर, पुण्यात मीटरगेजमधून ब्रॉडगेजमध्ये जात असे. रेल्वेच्या परिभाषेत याला ट्रान्सशिपमेंट म्हणतात. त्यात वेळ जाई, पोती फाटत, नगांची मोजणी चुके आणि वाद होत. पण त्यावरच हमालांच्या पिढ्या आणि चहाचे ठेले जगले, आणि शेजारच्या कारखान्यासह कुर्डुवाडीसारखे माळावरचे स्थानक ‘रेल्वेचे गाव’ झाले. प्रवाशांचीही गत तीच होती. आषाढी–कार्तिकीला मुख्य मार्गाने आलेले वारकरी कुर्डुवाडीत उतरून पंढरपूरच्या छोट्या गाडीत चढत, आणि त्या गर्दीपुढे प्रवासी डबे अपुरे पडत असल्याने मालडबेही माणसांनी भरून सोडले जात. लोखंडी सांध्याचे काम या जंक्शनांत असे हमाल आणि प्रवासी करीत होते, ही बाब रेल्वेच्या इतिहासलेखनात फारशी नोंदवली गेलेली नाही.

एकाच गेजच्या रुळांपुरते पाहिले, तर सांध्यांची सत्ता केबिनीकडे असे. केबिन म्हणजे स्थानकाच्या टोकाशी, रुळांच्या कडेला उंचावर बांधलेली खिडक्या-खिडक्यांची खोली. मोठ्या स्थानकाच्या दोन टोकांना अशा दोन केबिनी असत आणि मधोमध स्टेशनमास्तरचे कार्यालय. वरच्या मजल्यावर कमरेएवढ्या उंचीच्या पोलादी खटक्यांची, म्हणजे लिव्हरांची, रांग असे आणि त्यांचे रंग ठरलेले असत: थांबा सांगणाऱ्या सिग्नलचा खटका तांबडा, सांध्याचा काळा, सांधा जागीच जखडून ठेवणाऱ्या कुलपाचा निळा, आणि वापरात नसलेला पांढरा. सांध्याचा खटका ओढला की जमिनीलगत रुळ्यांवर बसवलेले लांबच लांब लोखंडी दांडे सरकत आणि दूरवरची पाती हलत. सिग्नलला मात्र दांडा नसून तार असे, आणि ती कित्येक शे यार्ड उघड्यावरून जात असल्याने सोलापूरकडच्या उन्हात दुपारी ती लांबे व रात्री आखडे. तिचा ताण दिवसातून अनेकदा जुळवून घेणे हा केबिनमनच्या कसबाचा भाग होता. तार तुटलीच तर वजनाच्या योगाने सिग्नलचा हात आपोआप आडवा, म्हणजे ‘थांबा’ या स्थितीत, येत असे.

या साऱ्याचे मर्म मात्र खटक्यांच्या पाठीमागे, न दिसणाऱ्या भागात होते. त्याला इंटरलॉकिंग म्हणतात. खटक्यांना जोडलेल्या खाचा व पट्ट्या एकमेकींत अशा अडकवलेल्या असत की, सांधा योग्य बाजूस वळून जखडला गेल्याखेरीज त्या मार्गाचा सिग्नल देता येत नसे, आणि सिग्नल दिल्यानंतर तो परत घेतल्याशिवाय सांधा हलत नसे. जॉन सॅक्सबी या इंग्रज कारागिराने १८५६ मध्ये या तत्त्वाचे पेटंट घेतले. माणूस दमतो, पेंगतो, विसरतो हे गृहीत धरून, त्याची चूक लोखंडानेच अडवावी असा हा विचार होता. एकोणिसाव्या शतकातील यंत्रविद्येत याच्या तोडीची नम्र आणि शहाणी कल्पना क्वचितच आढळते. अर्थात खर्च वाचवण्यासाठी बांधलेल्या शाखामार्गांवर ही चैन सर्वत्र परवडत नसे. तेथे सांध्याशेजारीच जमिनीवर खटका असे, आणि सांधेवाला, म्हणजे पॉइंट्समन, किल्ली व कंदील घेऊन पायी जाऊन तो बदलीत असे.

एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत यासाठी वेगळी व्यवस्था लागे. साध्या मार्गांवर पुढच्या स्थानकाची संमती तारेने मागवून स्टेशनमास्तर ‘लाइन क्लिअर’चा कागद ड्रायव्हरच्या हाती देई. त्याहून पक्की पद्धत टोकनची होती. दोन लगतच्या स्थानकांत विजेने जोडलेली यंत्रे असत. एका स्थानकाला त्यातून पोलादी गोळा काढावयाचा झाल्यास दुसऱ्याने संमतीची कळ दाबावी लागे, आणि एक गोळा बाहेर असेतोवर दोन्हींपैकी कोणत्याही यंत्रातून दुसरा निघत नसे. हा गोळा चामडी पिशवीत घालून, वेताच्या मोठ्या कड्यासह, धावत्या इंजिनातल्या माणसाच्या दंडात अडकवला जाई. गोळ्याविना गाडी पुढे नेण्याची ड्रायव्हरला मुभा नव्हती.

केबिनी गेल्या तरी त्यांची एक खूण मराठीत राहिली आहे. जुन्या सेमाफोर सिग्नलचा, म्हणजे खांबावरच्या लाल हाताचा, आडवा हात खाली झुकला की गाडीला वाट मोकळी होत असे, आणि म्हणून फलाटावरची माणसे ‘सिग्नल पडला’ म्हणत सामान उचलीत. रंगीत दिव्यांच्या सिग्नलमध्ये काहीच पडत नाही. शब्दप्रयोग मात्र चालू आहे, आणि शहरातल्या चौकात तर तो गाडी थांबवण्याच्या उलट अर्थानेही वापरला जातो.

२००१ ते २०११ या काळात बार्शी लाइटचा संपूर्ण मार्ग टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला. जुन्या आखणीने बाजूला राहिलेले उस्मानाबाद, आजचे धाराशिव, त्या निमित्ताने रेल्वेवर आले. खटक्यांच्या जागी विजेवर चालणारे सांधे आणि बटणांची पटले आली, तर माल उतरवून पुन्हा भरण्याची गरज उरली नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाण्याची तीव्र टंचाई झाली तेव्हा राजस्थानातील कोटा येथून ब्रॉडगेजच्या टाक्यांची गाडी मिरजेला आणण्यात आली, तेथे ती भरली गेली, आणि १२ एप्रिलला दहा टाक्यांतून सुमारे ५ लाख लिटर पाणी पंढरपूर–कुर्डुवाडीमार्गे लातूरला पोहोचले. त्याच्या पंधरा वर्षे आधी त्याच टाक्या मिरजेपर्यंत आल्या असत्या, पण तेथून पंढरपूरकडे वळणाऱ्या अडीच फुटी रुळांवर त्यांचे चाकही बसले नसते.